घाटावरचे लहान चित्र

नाशिकमध्ये चित्रकला शिकलेला आणि गोदाघाट न रंगवलेला विद्यार्थी सापडणे कठीण. रामकुंडाच्या पायऱ्या, नारोशंकराचे देऊळ, वर चढत गेलेले जुने वाडे, पाण्यात हलणारी प्रतिबिंबे हा विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शिवाजी तुपे यांनी जलरंगात तो अशा उंचीवर नेला, की नंतरच्या पुष्कळांनी घाट पाहण्याऐवजी तुपे यांची चित्रेच पाहिली. हा दोष अर्थातच तुपे यांचा नव्हे. जलरंगाच्या त्या परंपरेबद्दल आम्हांला आदरच आहे. मात्र आज लिहावयाचे आहे ते तिच्या सावलीत राहून गेलेल्या एका प्रकाराविषयी. जागेवर बसून तैलरंगात केलेले, वीत-दीड वीत लांबीचे निसर्गचित्र तो हा प्रकार.

या चित्राला आपल्याकडे कच्चा खर्डा समजतात. ‘मोठे चित्र करण्यापूर्वीची तयारी’ म्हणून ते कपाटात पडून राहते. ही समजूत जुनी आहे आणि ती एकट्या आपलीच नाही. फ्रेंच चित्रकार कोरो याने १८२६ साली इटलीत नार्नी येथील पडक्या रोमन पुलाचे लहानसे तैलचित्र कागदावर केले. पुढे त्यावरून जवळजवळ दुप्पट लांबी-रुंदीचे दुसरे चित्र तयार करून ते १८२७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनास पाठवले. मोठ्या चित्रात झाडे आली, मेंढपाळ आले, जनावरे आली, रचना सभ्य झाली. लहान चित्रात यांतले काही नाही. तेथे ऊन आहे, गढूळ पाणी आहे आणि पुलाचा तुटलेला दगड आहे. पहिले आज पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे, दुसरे कॅनडात ओटावा येथे. दोहोंची छापील चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर कोरो स्वतः कोणास श्रेष्ठ मानत होता हा प्रश्न मागे पडतो. आम्ही तरी लहान चित्राच्याच बाजूने कौल देऊ.

त्याच परंपरेतील व्हालेन्सिएन या चित्रकाराने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक नियम घातला होता : निसर्गातील अभ्यासचित्रास दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये, आणि सूर्योदय वा सूर्यास्त असेल तर अर्धाच तास. कारण उघड आहे. सावली सरकली की चित्रात दोन वेगळ्या वेळा एकत्र येतात. आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तोच परिसर पुनःपुन्हा रंगवीत गेले. एका जागेचे अनेक प्रहर कसे असतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

आता नाशिकचा दगड पाहा. घाट, देवळे, पायऱ्या हे सारे काळ्या पाषाणाचे. जलरंगात उजेड हा कोऱ्या राखलेल्या कागदाचा असतो, त्यामुळे पाणी, धुके, पावसाळी आभाळ त्यात सहज उतरते. काळा दगड मात्र जलरंगाला जड जातो. तैलरंगात गडद रंग आधी पातळ बसवून उजेड वरून जाडसर लावता येतो, आणि पायरीच्या झिजलेल्या कडेवर सकाळचे ऊन जसे बसते तसाच तो रंग फळीवर बसतो. त्यातही मेख अशी, की हा काळा दगड काळा नसतोच. ओला असताना तो जांभळट, कोरडा असताना राखाडी-तपकिरी आणि दुपारी जवळजवळ पांढुरका दिसतो. ट्यूबमधला काळा रंग सरळ वापरणारा चित्रकार घाटावर गेलाच नव्हता, असे खुशाल समजावे. निळा आणि भाजका तपकिरी मिसळून जो काळपट रंग होतो तो एका बाजूस थंड व दुसऱ्या बाजूस उबदार झुकवता येतो. दगडाला तोच हवा.

अर्थात घाटावर बसणे सुखाचे नाही. उन्हात पांढरी फळी डोळे दिपवते, म्हणून तिला आधी मातकट अस्तर द्यावे लागते. धूळ ओल्या रंगात रुतते. बघ्यांचे प्रश्न असतात. ओले चित्र घरी नेण्यासाठी झाकणात खाच असलेली पेटी लागते. १८४१ साली रंगाच्या धातूच्या नळ्या आल्या नसत्या, तर हा खटाटोप फार थोड्यांनी केला असता. तरीही दोन तासांत जे निवडावे लागते, गाळावे लागते, त्यातच चित्र घडते.

आमची खरी तक्रार स्टुडिओतील चित्रांविषयी आहे. हल्ली मोबाइलवर घेतलेले छायाचित्र समोर ठेवून घाट मोठ्या कॅनव्हासवर उतरवला जातो. कॅमेरा उजळ आभाळ सांभाळतो तेव्हा दगडाच्या सावलीतले रंग गिळतो, सावली सांभाळतो तेव्हा आभाळ पुसून टाकतो. चित्रकार ती चूक इमानाने मोठी करतो. शिवाय अशा चित्रांत काळ थांबलेला असतो. वाळत घातलेली लुगडी असतात, पण विजेच्या तारा नसतात. होडी असते, गाड्या नसतात. सिंहस्थाच्या सोयीसाठी नदीच्या तळाशी काँक्रीट पडले, त्यावरून वाद झाले, पण चित्रातली गोदावरी आजोबांच्या काळातली वाहते. पूर किती चढला हे नाशिककर ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती शोभेपुरता उभा. गाळण्याचा हक्क चित्रकाराचा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण जे जे नवे ते सारे नियमाने गाळले, की उरते ते कॅलेंडर.

याचा अर्थ स्टुडिओ वाईट, असा नव्हे. इंग्लंडच्या कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांची लहान तैलचित्रे केली आणि त्यांच्या पाठीवर तारीख, वेळ, वारा यांची टिपणे लिहिली. त्याची मोठी चित्रे स्टुडिओतच झाली. घाटावरील फळी, पेन्सिलीची टिपणे आणि स्मरण एवढ्यावर खोलीत बसून दुसरे लहान चित्र करून पाहावे. जे आठवत नाही ते बहुधा चित्राला नकोच असते.

आपल्या समाजाला हा विषय परका वाटू नये. सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले व तेथेच शिकवू लागले. १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. ते गाजले व्यक्तिचित्रांसाठी, पण निसर्गचित्रेही त्यांनी केली. त्यांची कन्या अँजेला हिने ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगवले. असा वारसा असताना आमच्या बैठकीच्या खोल्यांत पवित्र तसबिरीशेजारी स्वित्झर्लंडचे छापील डोंगर लटकावेत, हे आम्हांला खटकते. दोन खोल्यांच्या घरातही वीतभर चित्राला भिंत मिळते, आणि स्थानिक चित्रकाराचे लहान चित्र मोठ्याइतके महागही नसते.

असे चित्र घरी आणलेच, तर ते लगेच काचेमागे कोंडू नये. तैलरंग वरून सुकला तरी आत ओला राहतो, म्हणून वॉर्निशला निदान सहा महिने थांबावे. थेट उन्हाची भिंत टाळावी, ओल येणारी तर नक्कीच टाळावी. आणि मागच्या बाजूस चित्रकाराने वेळ व जागा लिहिली नसेल, तर ती त्याच्याकडून आधीच लिहून घ्यावी.