काडी, डिंक आणि कॉपी-पेस्ट

नाशिकमध्ये वारली चित्र दिसलं नाही असा दिवस विरळाच. कंपाउंडच्या भिंती, कॅफे, कुर्ते, मग. माझ्या मोबाइलच्या कव्हरवरही तारप्याभोवतीचा नाच आहे. वारली समाज तर आपल्याच जिल्ह्यात, पेठ-सुरगाण्याकडे राहतो. तरी शहरातल्या या चित्रांत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. मला वाटतं, सुटली आहे ती काडी.

पारंपरिक वारली चित्राला लागतं ते असं: शेण-गेरूने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, ते धरून ठेवायला डिंक आणि बांबूची काडी. काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला ब्रश. तिच्यात रंग फारसा मावत नाही, सारखी बुडवावी लागते. त्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे फिकी होते. त्या थांबण्यातूनच चित्राला श्वास मिळतो. शहरातली रेघ एकसारखी जाड, स्टेन्सिलमधून निघालेली. माणसं नाचतात, पण रेघ नाचत नाही.

म्हणजे ॲक्रिलिक वाईट आणि काडीच खरी, असं नाही. लग्नाचा चौक सुवासिनी लिहायच्या. त्याच्या मधोमध पालघट देवी. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि ही चित्रं कागदावर येऊ लागली. भिंतीवरचं चित्र लग्नानंतर झडलं तरी चालायचं. कागदावरचं दूर जाणार, तर रंग चिकटून राहायलाच हवा. जिव्या सोमा म्हसे यांनी हा बदल पेलला. बायकांचं मानलं जाणारं काम त्यांनी पुरुष असून केलं, कागद-कॅनव्हासवर नेलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी पृष्ठभाग बदलला, पण रेघेवरची नजर ढळू दिली नाही.

आपण उलट केलं: आकार उचलले, नजर मागेच ठेवली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने कलेचं नाव राखलं जाईल. काढणाऱ्या बाईचं नाव आपोआप चित्राखाली येणार नाही.

म्हणून पुढचा फोटो टाकण्याआधी झूम करून बघा. रेघ कुठे थांबली आहे का? कोपऱ्यात कुणाचं नाव आहे का? माझ्या कव्हरवर दोन्ही नाही.