‘हुमणीचा भुंगेरा’ आणि ‘माकडाचा माणूस’

उत्क्रांतिवादावरील आपल्याकडील वादांचे मूळ प्राणिशास्त्राच्या अज्ञानात शोधण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास त्यात वाक्यरचनेचाही दोष दिसतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरविला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून वा सांगून ठेवलेले नाही, हे त्यांचे कारण. ‘पाहिले कोणी?’ हा प्रश्न मुळात सुचतो कसा?

खानदेशात याचे उत्तर शेतात सापडते. वळवाचा पाऊस झाला की धुळे-जळगावकडे तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळींवर जमतात. पिकांची मुळे कुरतडणारी पांढरी हुमणी ही त्यांचीच पूर्वावस्था. ‘हुमणीचा भुंगेरा होतो’ हे शेतकऱ्याचे विधान अचूक आहे. ‘अमक्याचे तमके होणे’ या रचनेत वस्तू तीच राहते, रूप तेवढे पालटते. दुधाचे दही होते तसे. हे एकाच जिवाचे रूपांतर होय आणि ते डोळ्यांना दिसते. ‘माकडाचा माणूस झाला’ हे वाक्य आपण त्याच साच्यात ओततो आणि मग साक्षीदार मागतो. डार्विनने तसे रूपांतर सांगितलेच नव्हते. त्याचे म्हणणे समान पूर्वजापासून पिढ्यांच्या ओघात फुटलेल्या शाखांविषयीचे होते. सिद्धांताचे कैवारीही सर्रास हेच वाक्य वापरतात, तेव्हा दोष एकट्या विरोधकांचा नव्हे. (‘उत्क्रांती’ हा शब्दही निर्दोष नाही. वेदान्तात त्याचा अर्थ प्राणाने देह सोडणे; आणि ‘उत्’ या उपसर्गाने उगाचच चढण सुचते.)

केवळ दिसण्यावरून नाते ठरत नाही, हे भुंगेरे गोळा करणाऱ्या हौशी माणसास लवकर कळते. शृंगिकेच्या टोकाच्या पंख्यासारख्या पात्या पाहून कुळ सांगणे त्यास जमते. परंतु हुमणीचे तपकिरी भुंगेरे इतके सारखे असतात की, जात निश्चित करण्यास नराची जननेंद्रिये तपासावी लागतात.

भाषाभ्यासकांनी यावर हसण्याचे कारण नाही. ‘मराठीची बिघडून अहिराणी झाली’ हे वाक्य आपल्याकडे सुशिक्षितांच्या तोंडीही असते. साचा तोच, चूकही तीच. वस्तुतः श्लायखरने १८६३ मध्येच डार्विनचा सिद्धांत भाषांना लावून पाहिला होता, आणि १८७१ मध्ये स्वतः डार्विनने भाषा व जाती यांच्या घडणीतील साम्य दाखविले. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशीस मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात स्थान दिले. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु तेथे प्रश्न शाखेचा होता, बिघाडाचा नव्हे. वर्गात मात्र बिघाडाचेच वाक्य चालते, आणि अहिराणी बोलणारा विद्यार्थी मागच्या बाकावर मुकाट बसतो, हे प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे पाहिले आहे.