काचपट्टीच्या दोन बाजू : थिन फिल्मविषयक संशोधनलेखनाची एक चिकित्सा

नागपूर व विदर्भातील महाविद्यालयांत थिन फिल्मवर संशोधन होत आले आहे. स्प्रे पायरोलिसिससारख्या पद्धतीला अल्पखर्ची साधने आणि बाजारातील काचपट्टी पुरते, हे त्याचे एक कारण होय. अशा शोधनिबंधांत काचपट्टी कशी स्वच्छ केली, याचे तपशीलवार वर्णन असते. मात्र काच कोणत्या पद्धतीने बनलेली होती आणि थर तिच्या कोणत्या बाजूवर दिला, याविषयी बहुधा मौन आढळते. हे मौन क्षुल्लक नाही.

काचेतील धातुरूप अशुद्धींचा विचार सामान्यतः रंगापुरता होतो. वाळूतील लोहामुळे काच हिरवट दिसते, एवढ्यावर विवेचन थांबते. लोह मात्र काचेत सर्वत्र विखुरलेले असते. कथिलाचे तसे नाही. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या आणि महाराष्ट्रात तळोजा येथेही अवलंबिल्या गेलेल्या फ्लोट पद्धतीत वितळलेली काच द्रवरूप कथिलावर पसरविली जाते. कथिलाला टेकलेल्या बाजूत ते काही मायक्रोमीटर खोल शिरते. वरच्या बाजूवर ते अत्यल्प असते. परिणामी एकाच पट्टीची दोन पृष्ठे रासायनिकदृष्ट्या भिन्न ठरतात. सोडियम बाहेर येण्याचे प्रमाण आणि पाण्याने ओली होण्याची क्षमता दोन्ही बाजूंस सारखी राहत नाही. काच मऊ होईपर्यंत हवेत पुन्हा तापविल्यास कथिलाचे ऑक्सिडीकरण होऊन पृष्ठ धूसरही होऊ शकते. शिवाय काचेतील फेरिक लोह कथिलाचे ऑक्सिडीकरण करते. म्हणून कथिलाच्या खोलीनुसार वाटणीवर लोहाचाही प्रभाव पडतो.

तप्त काचेतून थरात शिरणारे सोडियम थराची विद्युतवाहकता बदलू शकते. अशा वेळी दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांतील तफावत द्रावणामुळे की काचेच्या बाजूमुळे, हे ठरविणे अशक्य होते.

प्रत्येक काचपट्टी फ्लोट पद्धतीचीच असते असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामुळे नोंदीची गरज वाढतेच. उपायही खर्चिक नाही. रसायनशास्त्र विभागात टीएलसीसाठी वापरला जाणारा २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा अंधारात पट्टीवर धरल्यास कथिलाची बाजू फिकट दुधी चमकते. ‘थर कथिलविरहित बाजूवर दिला’ एवढे एक वाक्य प्रयोगपद्धतीत आले, तरी तो प्रयोग इतरांना पुन्हा करून पाहता येईल. परीक्षकांनीही या वाक्याचा आग्रह धरणे इष्ट ठरेल.