सल्ला आणि सौदा

नवापूरचे रेल्वे स्थानक आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या स्थानकाचा काही भाग गुजरातेत तर काही महाराष्ट्रात आहे. तेथे फलाटावर एक बाकडे आहे. त्याच्या मधोमध रेघ असून एका बाजूस महाराष्ट्र व दुसऱ्या बाजूस गुजरात असे लिहिलेले आहे. सुरत आणि खानदेश यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या आम्हा लोकांना त्याचे अप्रूप राहिलेले नाही. त्या रेघेमुळे बसणाऱ्याचे काही अडत नाही; मात्र आपण कोणत्या राज्यात बसलो आहोत हे त्याला कळते. आज ज्या वाङ्मयाविषयी लिहायचे आहे, त्यात एका बाजूस सल्ला आणि दुसऱ्या बाजूस सौदा आहे. मधली रेघ तेवढी पुसलेली आहे.

हे वाङ्मय म्हणजे मोबाइलवर पालकांना मुले कशी वाढवावीत हे शिकवणाऱ्या चित्रफिती, म्हणजेच रील. त्या करणाऱ्यांना इन्फ्लुएन्सर म्हणतात. कथा-कवितेची चर्चा सोडून समीक्षकाने या भानगडीत का पडावे, असे काही जाणकार विचारतील. त्यांना नम्रपणे एवढेच सांगतो की, सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आमच्या खानदेशी पालकांची जी घरे आहेत, त्यांतील बहुतेकांत पुस्तकाचे कपाट नाही. मोबाइल मात्र प्रत्येक घरात आहे. ज्या मजकुराने रोज शेकडो आयांच्या मनाला हात घातला जातो, त्यात निवेदक आहे, पात्रे आहेत, कथानक आहे आणि तात्पर्यही आहे. मग त्याला वाङ्मयाच्या कसोट्या का लावू नयेत?

गेले काही महिने मी अशा चित्रफिती वहीत नोंदी करीत पाहिल्या. त्यांची रचना जवळजवळ ठरलेली आहे. आरंभी भय असते: तुमचे मूल बोलायला उशीर करते आहे का, तुम्हीही जेवताना ही चूक करता का? मग कबुली येते: मीही अशीच हतबल झाले होते. त्यानंतर उपाय, आणि उपायाच्या पोटात एखादी भुकटी, एखादे ॲप, लाकडी खेळण्यांचा संच. शेवटी सवलतीचा कोड. हे सारे मिनिटभरात आटोपते. कीर्तनातही पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, आणि बुवा आरतीचे ताटही फिरवतात. परंतु ते ताट आख्यान संपल्यावर, दिवाबत्तीच्या उजेडात, सर्वांसमोर फिरते. येथे आख्यान हेच ताट आहे.

या वाङ्मयातील निवेदिकेकडे पाहा. तिचे स्वयंपाकघर लख्ख असते. मूल रडते ते प्रसंगापुरते आणि उपाय सापडताच हसते. उसनवारी, सासूचा दमा, रात्रपाळीहून आलेला नवरा, पाण्याची वेळ यांतले काही तिच्या कथेत येत नाही. शिवाय एक पात्र असे आहे की ज्याला आपण पात्र आहोत हेच ठाऊक नाही. ते पात्र म्हणजे मूल. चित्रपट-मालिकांत बालकलाकाराने काम करावे यासाठी आपल्याकडे बालकामगार कायद्याच्या २०१७ सालच्या सुधारित नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांची मर्यादा आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अट आहे. घरातल्या घरात, आईच्याच मोबाइलपुढे पुन्हा पुन्हा तोच घास खाणाऱ्या बाळाचे तास कोणी मोजायचे? फ्रान्सने २०२० साली अशा मुलांसाठी कायदा केला. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने जुलै २०२४ पासून त्यांना कमाईत वाटा दिला. आपल्याकडे हा प्रश्न अजून घराच्या उंबऱ्याआतच आहे.

आता आपल्याकडील जुन्या परंपरेकडे वळू. कारण तुलनेवाचून समीक्षेला पाय फुटत नाहीत. ही परंपरा मराठी-गुजराती सीमेवरच वाढली, ही गोष्ट आम्हा सुरतेच्या मराठी माणसांना विशेष मोलाची वाटते. वकिली सोडून मुलांकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालवली. म्हणजे पालकांना सल्ला देण्याचा उद्योग काही आजचा नाही. हे लोकही पालकांशीच बोलत होते, आणि त्यांतही उपदेशाचा भाग भरपूर होता, हे मान्य केले पाहिजे.

फरक कोठे आहे? गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ पाहा. त्यातील शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात नुसता गोंधळ माजतो. लेखक हे अपयश लपवत नाही, कारण पुढचे सारे पुस्तक त्यातूनच निघते. शिक्षक घरी जाऊन विचार करतो, दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगतो, मुलांकडे पाहतो, पुन्हा बदलतो. आजच्या रीलमध्येही अपयश असते. मात्र ते वस्तू खरेदी करण्यापूर्वीचे असते. खरेदीनंतर अपयश आल्याची चित्रफीत माझ्या पाहण्यात आलेली नाही. ज्या वाङ्मयात उपाय फसण्याची शक्यताच नाही, त्याला मी अनुभवाचे वाङ्मय म्हणू शकत नाही.

दुसरे उदाहरण ताराबाईंचे. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. सुरतेहून मुंबईला जाताना घोलवड लागते, त्याच्या शेजारचे हे गाव. माँटेसरीची साधने महाग. आदिवासी पाड्यावर ती आणणार कोठून? ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. शाळेत मूल येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. या कामातून ‘अंगणवाडी’ पुढे आली. आज तोच माँटेसरी हा शब्द मोबाइलवर महागड्या लाकडी खेळण्यांच्या खोक्यावर चिकटवलेला दिसतो. एका शब्दाचा हा प्रवास भाषेच्या शिक्षकाला उदास करणारा आहे.

आमच्या खानदेशापुरते बोलायचे तर अंमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. मुलाच्या संगोपनावर मराठीत याहून अधिक वाचले गेलेले पुस्तक क्वचितच असेल. त्या कर्जात बुडालेल्या घरात विकत घेण्याजोगी एकही वस्तू नाही. त्या पुस्तकाच्या भावनाप्रधानतेवर समीक्षकांनी टीका केली आहे, आणि ती सर्वस्वी चूक नाही. तरी ते वाचून उठलेली आई दुकानाकडे वळत नाही, आपल्या पोराकडे वळते. १९८७ पासून पुण्याहून निघालेल्या ‘पालकनीती’ मासिकानेही पालकाला गिऱ्हाईक न मानता विचार करणारा माणूस मानले.

पालकांशी बोलणाऱ्या कोणत्याही लेखनाला मी एकच कसोटी लावतो: ते संपल्यावर आईचे डोळे कोठे जातात? जुन्या लेखनानंतर ते मुलाकडे जात. या चित्रफितींनंतर ते पुढच्या चित्रफितीकडे जातात. आज अनेक पालक या साऱ्याला कंटाळले आहेत, असे ते स्वतःच सांगतात. सल्ले फार झाले म्हणून हा कंटाळा आला, असे मला वाटत नाही. सल्ले तर आजीही दिवसभर देत असे. आजीला मात्र सुनेची काळजी मिटायला हवी होती. प्रायोजित सल्ल्याला काळजी मिटून चालत नाही, कारण ती मिटली की माल खपत नाही. रोज थोडे भय पेरायचे आणि रोज थोडा दिलासा विकायचा, या फेऱ्यात माणूस थकतो. हा शीण त्याचा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाव सोडून सुरतेत आलेल्या सुनेजवळ सासू नाही, आई नाही, जाऊ नाही. रात्री दोन वाजता बाळाला ताप भरला तर ती कोणाला विचारणार? मोबाइलवरचा एखादा बालरोगतज्ज्ञ तिला मराठीतून चार शहाण्या गोष्टी सांगतो, तेव्हा तो उपकारच करतो. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातील साखरेविषयी चित्रफीत केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याला ती काढावी लागली. परंतु विषय दबला नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. तेव्हा दोष माध्यमाचा नाही. बोलणाऱ्याचे मीठ कोण पुरवतो, हा प्रश्न आहे.

त्यासाठी नियम नाहीत असेही नाही. जाहिरात क्षेत्राच्या ‘आस्की’ या स्वयंनियामक संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सांगितले की पैसे, भेटवस्तू वा अन्य लाभ घेतला असेल तर तो स्पष्ट दिसेल असा जाहीर करावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. त्याही आधी, १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या सुधारणेने दोन वर्षांखालील बाळांच्या दूध-पर्यायांची, बाटल्यांची व शिशुआहाराची जाहिरातच बंद केली आहे. कागदावर रेघ ठळक आहे. पडद्यावर मात्र मराठी बोलणाऱ्या बाईच्या डोक्यावर बारीक रोमन अक्षरांत ‘पेड पार्टनरशिप’ असे दोन शब्द क्षणभर दिसतात. मराठी आणि थोडे गुजराती वाचणाऱ्या आमच्या आईला त्यातून काय बोध व्हावा?

येथवर मी दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता स्वतःचा सांगतो, नाहीतर हा लेखही त्या चित्रफितींसारखाच होईल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पालक सभा झाली. एका कंपनीने मंडप, खुर्च्या, नाश्ता यांचा खर्च उचलला. आमच्या तिजोरीची स्थिती पाहता मला ते बरे वाटले. कंपनीच्या बाईंनी मुलांच्या मेंदूच्या वाढीवर भाषण केले, चांगले केले. शेवटी संच आणि ॲप यांची माहिती दिली. मी अध्यक्षस्थानी होतो. आभार मानताना त्यांचे कौतुक केले. तो कार्यक्रम प्रायोजित आहे, असे एकदाही उच्चारले नाही. कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.

काही महिन्यांनी सहावीतल्या एका मुलाची आई भेटायला आली. घरी बसून साड्यांना खडे चिकटवण्याचे काम ती करते. धाकट्या चार वर्षांच्या मुलासाठी तिने तो संच हप्त्याने घेतला होता, ११,००० रुपयांचा. मुलगा त्याला हात लावत नव्हता. ॲप चालत नव्हते. हप्ते मात्र चालू होते. ही खेळणी मोबाइलवर आधी पाहिली होती, असे ती म्हणाली. मी काहीसा रागावूनच विचारले, “बाई, मोबाइलवरच्या बोलण्यावर एवढे पैसे घालायचे का?” ती खाली पाहून म्हणाली, “मोबाइलवर बघून नव्हतं घेतलं, सर. तुम्ही स्टेजवर होतात ना, म्हणून घेतलं.”

या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. त्या रीलमधील निवेदिकेत आणि माझ्यात काय अंतर होते? तिला पैसे मिळाले असतील, मला मंडप मिळाला. तिच्या मागे फॉलोअर होते, माझ्या मागे पस्तीस वर्षांची शाळेची अब्रू होती. रेघ मीही पुसली होती. कंपनीला पत्रे लिहून उरलेले हप्ते थांबवता आले. भरलेले परत मिळाले नाहीत.

त्यानंतर आम्ही पालक सभेसाठी कोणाचा खर्च घेतला नाही. सतरंजीवर बसतो, चहा शिक्षक वर्गणीतून करतो. भाषण नसते. आपल्या मुलात या महिन्यात काय पाहिले, एवढेच प्रत्येक पालकाने सांगायचे. सुरुवातीला कोणी बोलत नसे. ज्यांना मोबाइलवरच्या बाईचे बोलणे तोंडपाठ होते, त्यांना आपल्या मुलाविषयी दोन वाक्ये जुळवता येत नव्हती.

गेल्या सभेला ती आई आली होती. धाकटा काय करतो, असे विचारल्यावर प्रथम “काही नाही, सर” म्हणाली. मग थांबून म्हणाली, की ती काम करत असते तेव्हा खाली सांडलेले खडे तो वेचतो, रंगाप्रमाणे वेगळे करतो आणि बारा झाले की डबीत टाकतो. बारापर्यंत मोजायला त्याला कोणी शिकवले, हे तिला ठाऊक नव्हते. मी तिला बोर्डीच्या शंख-शिंपल्यांची आणि बियांची हकीकत सांगितली. तो संच अजून कपाटावर आहे, असे ती जाताना म्हणाली.