भैरवी आधी, मैफल नंतर

आजच्या तबकडीचं नाव जरा लांबलचक आहे : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. साल १९८२. वादक चरणजित सिंग, मुंबईच्या सिनेसंगीतातल्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवलेले. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती काढली, आणि ती विस्मरणात गेली. २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा मात्र गवगवा झाला. कशासाठी? तर शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ ची, आणि तिच्यातलं रोलँड टीबी-३०३ हे यंत्र सिंगांनी पाच वर्षं आधीच वाजवलं होतं.

हे कौतुक आम्हाला मान्य नाही. पूर्वज ठरायला वंश लागतो. इथे दोघांत सामायिक आहे ते फक्त यंत्र. पहिलेपणाचं बक्षीस दिलं की ऐकायचं काम संपतं. आणि सिंगांनी तर मथळ्यातच आपला दावा सांगून टाकलाय : हे दहा राग आहेत. तेव्हा वाद घालायचा तर त्या दाव्याशी घालू या.

'यंत्राला राग येत नाही' ही कोटी आपल्याकडे कुणीही करील. पण जुनं भांडण आठवा. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. कारण तेच : ठरलेल्या पट्ट्या, त्यामुळे मींड नाही, श्रुती नाहीत. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या महाराष्ट्राला हे कसं पटावं? सिंथेसायझरवर निदान स्वर सरकवता तरी येतो, आणि सिंग तो मुक्तपणे सरकवतात.

तरीही पट्टी ती पट्टीच. त्यांची तोडी लावा. तोडीचा गांधार भैरवीच्या गांधारापेक्षा उतरलेला असतो, गवई त्यावर रेंगाळतो, तो हलवतो. इथे दोन्ही गांधार एकाच पट्टीत बसलेत. यंत्राची मींड एका स्वरावरून निघते आणि थेट दुसऱ्यावर पोचते. वाटेत कुणाशी बोलत नाही. तोडी ओळखू येते, पण दुखत नाही. आमच्या मते ती इथे फसली आहे. भूपाळी आणि कलावती मात्र छान उभ्या राहतात. पाचच स्वर, त्यांची ओळख बरीचशी चलनात असते, आणि चलन सिंगांच्या बोटांत पक्कं आहे.

आता ताल, म्हणजे टीआर-८०८. आमचा खरा अडथळा इथे आहे. त्रितालात सोळा मात्रा, एक सम, एक खाली. म्हणून परत येण्याची ओढ लागते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. प्रत्येक मात्रा सम, म्हणजे एकही सम नाही! कुठून निघालो ते कळत नाही, मग पोचल्याचा आनंद कसला?

असं म्हणून आम्ही बरेच दिवस थांबलो होतो. पण खालचा ३०३ चा आवाज ऐका, बरं का. रागातलेच मोजके स्वर घेऊन तो सारखा फिरत राहतो. तानपुरा जागेवर बसून जे करतो ते हा चालता चालता करतो. ठेका त्या चालण्याची पावलं झाला की समेची वाट पाहणं आपोआप सुटतं. मालकंसात हे फार सुंदर जमलंय. पंचम नाही, ऋषभ नाही, आणि मधल्या त्या मोकळ्या जागा यंत्र भरून काढत नाही. माणूस असता तर भरल्या असत्या, अशी शंका येते.

एक गंमत राहिली. आपली मैफल भैरवीने संपते. ही तबकडी भैरवीने सुरू होते आणि बैरागीवर, म्हणजे सकाळच्या रागावर थांबते. मध्ये यमन येतो, मेघमल्हार येतो, प्रत्येक जेमतेम पाच मिनिटं. प्रहर नाही, ऋतू नाही. कुणी याला अज्ञान म्हणेल. सिनेमाच्या स्टुडिओत भर दुपारी मध्यरात्रीची गाणी वाजवणाऱ्या माणसाला प्रहर ठाऊक नव्हते, असं आम्हाला वाटत नाही. प्रहर सोडल्यावर रागाचं काय उरतं, हे या तबकडीत ऐकायला मिळतं. तोडीत थोडं उरतं, मालकंसात पुष्कळ.

आता मालकंस लावतो. दिवे राहू द्यात.