रिंगणाच्या आत उभं राहून

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. इतरत्र संध्याकाळी होळी पेटली की नैवेद्य दाखवून माणसं घरी जेवायला जातात. काठीत पेटण्याआधीची अख्खी रात्र ढोलांच्या नावावर असते. खानदेशातल्या जुन्या मेहवासी संस्थानांपैकी काठी हे एक, आणि ही होळी 1246 पासून चालत आली, असं तिथली परंपरा सांगते. दिवस मावळायच्या सुमाराला सातपुड्याच्या पाड्यांवरून माणसं उतरू लागतात. त्यांच्याबरोबर त्यांचे ढोल येतात. नंदुरबारच्या आदिवासी संगीताची आवड असलेल्या कुणालाही मी आधी या रात्रीबद्दल सांगतो. गाण्यांची नावं, गायकांची नावं नंतर.

याचं कारण असं की या संगीताला दिशा नसते. आपल्याला समोर बसून ऐकायची सवय. गायक तिकडे, आपण इकडे. काठीत ढोल मध्ये असतो, त्याच्याभोवती नाचणारे फिरत असतात आणि ज्याला ऐकायचं असेल त्यालाही फिरावंच लागतं. एका जागी उभा राहणारा माणूस तासाभरात कंटाळतो. सगळं एकसारखंच आहे, असं त्याला वाटतं. चालणाऱ्याला मात्र दर वीस पावलांवर वेगळं काही सापडतं.

ढोल गळ्यात अडकवलेला, वाजवणाऱ्याचं पोट आणि छाती पार झाकून टाकणारा. रात्री गारव्याने चामडं सैल पडलं की तो शेकोटीजवळ नेऊन शेकतात, बोटाने टकटक करून पाहतात, पुन्हा शेकतात. शेकून आलेल्या ढोलाचा पहिला ठोका कानाआधी छातीत उमटतो. ठेका साधा असतो. त्यात तबल्याची गुंतागुंत शोधू नये. लक्ष ठेवायचं ते वजनावर. एक ठोका भारी पडतो आणि त्याच्या पुढचा जरा मागे रेंगाळतो, त्या रेंगाळण्यात नाचणाऱ्याचं पाऊल उचललं जातं. दोन पाड्यांची रिंगणं शेजारीशेजारी आली की दोन लयी एकमेकींवर आदळतात. मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहिलं तर काही क्षण सगळा गोंधळ होतो. मग पाय आपोआप एका ढोलाच्या मागे जातात आणि दुसरा विरत जातो. आपल्या गावचा ढोल गर्दीतून ओळखणारी पोरं इथे आहेत, आणि कुणाचा ढोल चांगला बोलला यावर पुढचे कित्येक दिवस चर्चा चालते.

त्यात बावा आणि बुध्या येतात. नवस बोललेले हे पुरुष होळीआधी काही दिवस कडक पाळणूक करतात. अंगावर राखेची, पांढऱ्या रंगाची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि मोठे घुंगरू. फोटो काढणारे टोपाकडे धावतात. मी कमरेकडे पाहतो, कारण सारं वाद्य तिथे बांधलेलं आहे. माणूस उडी मारतो तेव्हा घुंगरू आधी वाजतात आणि भोपळे खाली येताना एकमेकांवर आपटतात. एक आवाज धातूचा, दुसरा पोकळ, दोहोंत निमिषभराचं अंतर. असे तीसचाळीस जण एकत्र उसळले की ढोलाच्या ठोक्याला एक खरखरीत काठ येतो. हा नाद मला ध्वनिमुद्रणात कधीच पुरता सापडलेला नाही. मोबाइलच्या माइकला ढोल पेलत नाही आणि भोपळे त्याखाली बुडून जातात.

बायकांचं गाणं या गदारोळात शोधावं लागतं. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात, धडगावला किंवा मोलगीला, ते जास्त स्वच्छ ऐकू येतं. मुली एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळ धरतात. अर्धी ओळ गाते, उरलेली अर्धी तेच उचलते. चारपाच सुरांचा पल्ला, त्यातही चाल वरून सुरू होऊन खाली उतरणारी. शेवटचा सूर धरून ठेवत नाहीत, सोडून देतात. तो सुटतो न सुटतो तोच दुसऱ्या गटाने आपला पहिला सूर लावलेला असतो. त्या दोन सुरांचा जो ओझरता स्पर्श होतो, तो मला या गायकीतला सगळ्यात सुंदर क्षण वाटतो. कडवं पुढे सरकतं ते एखाद्या शब्दाने: कधी गावाचं नाव बदलतं, कधी डोंगराचं, कधी समोर उभ्या असलेल्या माणसाचंच. आपलं नाव गाण्यात आलं की तो माणूस लाजतो, ओळीत हसू फुटतं आणि त्या हसण्याने सूर हलतो. हलला तरी कुणी थांबत नाही.

नवापूरच्या बाजूला, साक्री आणि डांगपर्यंत पसरलेल्या कोकणा समाजात, कान अगदी वेगळा लावावा लागतो. तिथे थाळीवरचं गाणं आहे. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवतात. गाणारा ती काडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वरून खाली बोटं ओढत राहतो. थाळी गुणगुणू लागते, भुंगा खोलीत कोंडला जावा तशी. त्या अखंड नादावर धान्याची देवता कन्सरी हिची कथा रात्रभर सांगितली जाते. सांगणारा वाक्य टाकतो, साथीदार ते झेलतो. आवाज चढवायचा प्रश्नच नसतो, कारण चढवला तर थाळी हरवते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी पावरीही याच पट्ट्यातली: दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, टोकाला शिंग, आणि श्वास न तोडता फुंकणारा माणूस. ढोलाच्या रात्रीनंतर हे ऐकलं की एकाच जिल्ह्यात नादाची केवढी दोन टोकं आहेत, ते कळतं.

शहाद्याकडच्या सपाटीवर गाण्याने आणखी एक काम केलं. अंबरसिंग सुरतवंती हे मुळात भजन गाणारे. 1970 च्या आसपास जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर आदिवासी उभे राहिले, तेव्हा माणसं जमवायला त्यांची भजनाची बैठक हाताशी होती. त्याच श्रमिक चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या 1987 च्या संग्रहात ‘स्टेज’ नावाची कविता आहे. सरकारी महोत्सवात स्टेजवर होळीचा नाच पाहताना मला ती कविता हटकून आठवते. रात्रभराचं रिंगण दहा मिनिटांत बसवलेलं असतं, सगळे तोंडं प्रेक्षकांकडे करून नाचतात, ढोल कोपऱ्यात, आणि त्याच्यासमोर माइक. वाजवणारे तेच, पेहराव तोच. पण गोल मोडला की सुरांची देवाणघेवाण मोडते, आणि ही देवाणघेवाण गेली की मागे कवायत उरते. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘ए नर्मदा डायरी’ (1995) या माहितीपटात नर्मदाकाठच्या डोमखेडीची होळी आहे. तिथे कॅमेरा माणसांच्या जवळ जातो. चित्रित स्वरूपात काही पाहायचंच असेल तर तो पाहावा.

आणि लग्नात बँडवर वाजणारी टिमली. जाणकार म्हणवणारे बरेच जण तिच्याकडे नाक मुरडतात. ते मला पटत नाही. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या गावांत लग्न ठरलं की पहिला प्रश्न असतो, ‘बँड कुठला आणताय?’ गाडीवर कॅसिओ, भोंगे, आणि न थांबता तास-तासभर चालणारी चाल. पूर्वी मेमरी कार्डात भरून, आता मोबाइलवरून मोबाइलवर या टिमल्या फिरतात आणि कुठल्या लग्नातली चांगली जमली याची चर्चा ढोलाइतक्याच तन्मयतेने चालते. कॅसिओवर जो पिपाणीसारखा स्वर लावतात तो नीट ऐकावा. तोच छोटा पल्ला, तीच उतरती चाल, आणि सूर सोडून देण्याची तीच लकब. बायकांच्या ओळीतलं गाणं तिथे विजेवर चालतंय. लांबण लागते हे खरं, पण ती लांबण नाचणाऱ्यांसाठी आहे. खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांनी तक्रार करू नये.

काठीला जाणार असाल तर पाळणुकीत असलेल्या माणसांपासून अंतर ठेवा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. होळी पेटली की बाहेरगावच्या गाड्या परत निघतात. तुम्ही थांबा. उजाडल्यावरही नाच चालू असतो. रात्रभर गाऊन बायकांचे आवाज बसलेले असतात, चाल रात्रीपेक्षा खाली उतरलेली असते, ढोलांची संख्या कमी झालेली असते, आणि रात्री जे शब्द ढोलाखाली दबले होते ते आता एकेक करून ऐकू येतात.