चेलोवरचे ध्रुपद : नवे कशाला म्हणायचे?

मंडळी, उंबरमाळीत बसून चेलोबद्दल काय बोलायचे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या भजनी मंडळातली पेटी तरी कुठली? युरोपातूनच आली ना! आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती तीस वर्षे टिकली. या वाद्यातून मिंड निघत नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. तरी पेटी राहिली, कारण गाणाऱ्यांना ती साथीला हवी होती. तेव्हा वाद्य परके की आपले, हे बाजूला ठेवू. त्याने रागाचे काय होते, ते पाहू.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जाचे वाद्य. चार तारा, पडदे नाहीत, गजाने वाजवायचे. पाश्चात्त्य पद्धतीने ते शिकलेल्या अमेरिकन नॅन्सी लेश, म्हणजेच नॅन्सी कुलकर्णी, उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकल्या आणि चेलोवर तेच वाजवू लागल्या. उस्तादांनी स्वतः रुद्रवीणा मोठी करून घेतली होती. म्हणजे वाद्याला हात लावायचे धाडस गुरूच्या घरातच होते.

युरोपात चेलोवादक नव्या संगीताची बाजू घेतो, तेव्हा नवी रचना जन्मते. शोस्ताकोविचने १९५९ मध्ये रोस्त्रोपोविचसाठी कंचेर्टो लिहिला, तसे. इथे राग जुनाच, नवा आहे तो आवाज.

मग मिळाले काय, गेले काय? वीणेचा स्वर छेडला की विरत जातो. मिंडेचे शेवटचे टोक आपण निम्मे कानाने, निम्मे मनाने ऐकतो. गजाचा स्वर गायकाच्या श्वासासारखा लांबतो, हवा तिथे भरतो. आलाप गळ्याच्या जवळ येतो, हे मोठेच मिळवणे. पण शांततेत मिटणारा स्वर हा वीणेचा ऐवज, तो जातो. शिवाय जोडात छेडण्याचा ठोकाच लय दाखवतो. गजाला तो मुद्दाम घडवावा लागतो. आमच्या मते चेलोची खरी परीक्षा तिथे आहे.

आपले बोलणे मात्र "परदेशी असून किती छान!" इथेच थांबते. हा पाहुणचार झाला, समीक्षा नाही. पाहुण्याला कुणी दोष सांगत नाही, आणि दोष न सांगता त्याला घरचे मानताही येत नाही. महोत्सवात असे वाद्य एकदा अपूर्वाई म्हणून ठेवले आणि विसरले, तर नव्याचा पुरस्कार झाला असे म्हणू नये. तोच राग त्याच वाद्यावर पुन्हा ऐकावासा वाटला, तर नवे टिकले.

भजनात नवी चाल अशीच रुजते. पहिल्या एकादशीला लोक एकमेकांकडे बघतात. वर्षाने टाळकरी आपसूक उचलतात. चेलोलाही तेवढा वेळ द्यावा, आणि कान मात्र कडक ठेवावेत. आता तुमचे प्रश्न घेऊ.